पुडीचं बाळसं

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "दवाखान्यात इतकी वर्षं काढलीत, काहीतरी लिहा." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत झालीय. ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ. तेव्हा ह्यात शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती त्यांची. बाकीचं सगळं माझं.

मी सांगलीत छातीच्या एका डॉक्टरांकडे कामाला होते. कागदावर आया. झाडणं, पुसणं, थुंकीची भांडी धुणं ही कामं त्यात आलीच. पण नव्वद सालाच्या पुढे माझं मुख्य काम वेगळंच झालं. मी लोकांना श्वास घ्यायला शिकवायची. जन्मल्यापासून घेतोय म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला तो येतो. तोंडात दम्याचा पंप दिला की कळायचं, येत नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. खाली कापडाचं दुकान, आणि वर यायला अरुंद, उभा जिना. दम्याच्या दवाखान्याला असा जिना का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, भाडं कमी आहे. एक मात्र खरं, जिन्यामुळे आमचं निम्मं काम व्हायचं. मी वर फडकं मारत असायची, आणि पावलांच्या मध्ये जी शिट्टी वाजायची तिच्यावरून कळायचं, नवीन पेशंट आहे की जुना, आणि औषध घेतोय की घेतल्याचं नाटक करतोय.

पेशंट नसला की डॉक्टर मला समजावून सांगायचे. त्यांनाही कुणाशी तरी बोलायला हवं असायचं. ते म्हणाले, श्वासाच्या नळीला आतून अस्तर असतं, बारीक पेशींचं, फरशा बसवल्यासारखं. त्या पेशींत विकरं असतात. विकर म्हणजे काय, मी विचारलं. ते अडले. मग म्हणाले, विरजण. थेंबभर टाकलं की भांडंभर दुधाचं दही होतं, तसं. दमा असलेल्या माणसाच्या अस्तरातली काही विरजणं माजतात आणि सूज आणणारा, चिकट बेडका करणारा माल तयार करत बसतात. दुसरी एक जात असते ती झाडूवाल्या बाईसारखी. सूज आणणारा माल कापून, झाडून काढते. स्टेरॉइडचं औषध पेशीच्या आत जाऊन माजलेल्या विरजणांना दाबतं आणि झाडूवाल्या वाढवतं. फक्त नवीन बाया कामाला लावायला दिवस लागतात. म्हणून आज औषध घेतलं की आज गुण दिसत नाही.

त्यातलं झाडूवालीचं मला लगेच पटलं.

तर पंप दोन. निळा पंप लगेच नळी मोकळी करायचा. तपकिरी स्टेरॉइडचा, रोज घ्यायचा, सावकाश काम करणारा. लोकांना निळा आवडायचा. तपकिरी ते चार दिवस घेऊन फेकून द्यायचे. "काय बी फरक न्हाई आक्का, नुसती हवा हाय." आणि पंपाची सवय लागते, ही सगळ्यांची मोठी भीती. एक बागाईतदार ही भीती मला सांगत होता तेव्हा तळहातावर तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "आधी ती मळून घ्या, मग बोलू." त्याला त्यात काही कळलं नाही. बार भरला आणि पुढं बोलू लागला.

एक म्हातारी पंप घरी नेऊन घराच्या चार कोपऱ्यांत मारायची, डासाचं औषध मारावं तसा. म्हणाली, "सारी हवाच सुधारती की मग." म्हसवडच्या एकाने पंप देवघरात ठेवला होता. हळदीकुंकू वाहून वाहून त्याचं तोंड बुजलं. साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदाराला मी शिकवलं, तर तो उभं राहून, टाचा जुळवून, स्वतःच्या मनात हुकूम देऊन पंप ओढायचा. त्याचा मात्र एकही डोस वाया गेला नाही. पलटणीत काय काय शिकवतात मला माहीत नाही, पण सांगितल्यासारखं करायचं एवढं शिकवतात.

बाकीच्यांचा हात आणि श्वास जुळायचा नाही. बोट दाबायचं एकीकडे, श्वास घ्यायचा दुसरीकडे. त्यांच्यासाठी मध्ये धरायचं मोठं नळकांडं मिळायचं, पण ते महाग. मग डॉक्टरांनी युक्ती काढली. सलाइनची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यायची, तार तापवून बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, तिथे पंप बसवायचा आणि दुसरीकडून तोंडाने ओढायचं. औषध बाटलीत थांबतं, माणूस त्याच्या सवडीने ओढतो. ह्या बाटल्या मी करायची. माझं भोक घट्ट बसायचं. ह्याबद्दल मला अजून अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या आईबापांनी छप्पन्ननंतर धम्म घेतला. माझं माहेर कुंडलकडचं, तिकडच्या लोकांना माझं आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. काही बाया घरून पाण्याची चरवी घेऊन यायच्या. माझ्या हातचं पाणी नको. पण मी भोक पाडलेली, मी धुतलेली बाटली तोंडात घालायच्या, कारण चरवीतून औषध ओढता येत नाही.

हौसाबाई अशी चरवी घेऊन आली होती. कुंडलजवळच्या एका गावची, घरचा ऊस. बरोबर लेक सुरेखा, लग्नाची. सुरेखाचं तोंड पुनवेच्या चंद्रासारखं गोल होतं, गाल लाल, मान भरलेली. आणि मनगटं काड्यांसारखी.

"कशाला आणलंय हिला?" मी विचारलं.

"आवं, हिला काय बी न्हाई आता," हौसाबाई म्हणाली. "ल्हानपनापासनं दमा हुता. पर पुडीनं लय गुण आला. तोंड बघा की. पयलं चिपाडागत हुती, आता कशी बाळसं धरल्यागत दिसती."

"मग दवाखान्यात कशाला?"

"जिना चढताना मांड्यांत जीव ऱ्हात न्हाई म्हंती. सोयरीक चाललीया. सासरी जाऊन असं बसकन मारलं तर कसं?"

ही पुडी कुठली ते मला विचारायची गरज नव्हती. माण भागात एक पुडीवाला होता. वर्तमानपत्राच्या कागदात सुंठ, हळद, असलंच काहीतरी, आणि त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून. दमा दोन दिवसांत जायचा. भूक लागायची, तोंड भरायचं. आमच्या भागात माणूस बरा झाला का हे छातीला कान लावून बघत नाहीत, गालाकडे बघतात. त्याच्याकडून आलेला प्रत्येक पेशंट गावात त्याची जाहिरात होऊन हिंडायचा. कुठल्याच डॉक्टराच्या नशिबात हे नाही. आमच्या पंपाने माणूस बरा झाला तरी दिसायचा तसाच.

डॉक्टरांनी सुरेखाचं पोट बघितलं. कातडी ताणून जांभळे चरे पडले होते. ते हौसाबाईला म्हणाले, "अहो, पुडीत आहे तेच औषध माझ्या पंपात आहे. पण पंपातलं चिमूटभर, आणि सरळ नळीच्या अस्तराला लागतं. पुडी सगळ्या अंगात जाते. एका रोपाला पाणी हवं म्हणून तुम्ही सगळ्या रानात पाट फोडलाय. हाडं, मांड्या, सगळं पोखरतंय."

"म्हंजे बंद करू?"

"एकदम नाही. मुळीच नाही. असलं औषध शरीर थोडं थोडं स्वतः करत असतं. बाहेरून भरपूर यायला लागलं की ते करायचं सोडून देतं. तुम्ही पुडी एकदम काढली तर पोरीच्या अंगात काहीच उरणार नाही. जीव जाईल. मी मोजून गोळ्या देतो, त्या हळूहळू कमी करू, आणि पंप आजच चालू करू."

हौसाबाईने एवढ्यातून काय घेतलं? पुडी बंद करू नका. ती खूश झाली. माणूस अर्धं ऐकतो, आणि अर्धं कुठलं ते स्वतःच ठरवतो.

पंपाला मात्र तिने हात लावला नाही. "ह्यो पोरीच्या पिशवीत दिसला तर पावणं आल्या वाटंनं माघारी जातील. पुडीचं कसं, गिळली की कुनाला दिसती?"

ती चरवी भरून आणायला खाली गेली, तेव्हा सुरेखा पहिल्यांदा बोलली. "आक्का, पावण्यांस्नी ह्याच तोंडाचा फोटो धाडलाय. त्यांला लय आवडला."

"तुला आवडला का?"

"आरशात बघितलं की वाटतं, कुनीतरी पावणी आलीया," ती म्हणाली.

मी तिला रिकाम्या पंपावर एकदा शिकवून ठेवलं. श्वास सगळा सोड, दाब, सावकाश ओढ, दहापर्यंत धर. तिला एकदाच सांगावं लागलं. मग आई आली आणि दोघी गोळ्या, पंप काहीच न घेता गेल्या.

पुढच्या महिन्यात जिन्यावर नवीन शिट्टी ऐकू आली. दोनदा थांबून एक बाई वर आली. चांगलं लुगडं, नाकात मोत्याची नथ, पदर हनुवटीवरून ओढलेला.

"मला काय झालं न्हाई," ती म्हणाली. "जरा चौकशी करायची हुती. सातारकडनं आलोय आमी."

सोयरीक जुळवायच्या आधी मुलीची चौकशी करायची ही आमच्याकडची रीत. शेजारपाजारी, शाळेत, देवळात विचारतात, आणि हुशार माणसं दवाखान्यात विचारतात. मला कळलं. मी म्हटलं, "ज्याला काही झालं नाही त्याला इथे बसू देत नाहीत. बसायचं असेल तर फुंका."

दम तपासायची आमच्याकडे एक नळी होती. तीत जोरात फुंकलं की काटा सरकतो. लोक तिला फुंकणीच म्हणायचे. बाईने चुलीला फुंकावी तशी फुंकली. काटा जागचा हलला न हलला.

"तुमची फुंकणी बिघडलीया," ती म्हणाली.

मी फुंकून दाखवली. काटा वर गेला. मग तिने फुंकणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गप्प आत डॉक्टरांपुढे जाऊन बसली. किती वर्षं खोकते, तर "त्यो धुराचा." रात्री उठून बसावं लागतं का, तर "त्ये वयाचं." बाहेर आली ती तपकिरी पंप घेऊन.

"आक्का," आता मी तिची आक्का झाले, "घरात कळाय नगं. भाच्याचं लगीन हाय, पोराची आत्या मी, समदं माझ्या हातनं हुयाचं. लोकं म्हनत्याल, ह्यांच्या घरातच दमा हाय."

"कळणार नाही."

मग ती जवळ सरकली. "कुंडलकडची सुरेखा म्हून पोरगी येती काय वं हितं?"

"इथे कोण येतं ते मी सांगत नाही. तुम्ही आलात तेही सांगणार नाही."

तिने ह्याचा हिशेब मनातल्या मनात केला आणि पुन्हा विचारलं नाही. लग्न ठरलं.

आत्याबाई महिन्याच्या महिन्याला यायच्या. बाकाच्या टोकाला, दाराआड बसायच्या. फुंकणीचा काटा काही पुढे सरकत नव्हता. घरी त्या पदराखाली तोंड खुपसून पंप मारायच्या. औषध पदराला, दमा त्यांना. इथे मी कितीदा पदर काढायला सांगितलं. "आवं, कुनी बघंल."

अशाच एका दुपारी त्या बाकावर होत्या आणि खाली जीप थांबली. जिन्यावर शिट्टी नव्हती, नुसते पाय वाजत होते. चार गडी सुरेखाला खुर्चीत बसवून उचलून आणत होते. तिचं गोल तोंड राखेसारखं झालं होतं. छाती नुसती हलत होती, आत काही जात नव्हतं. मागून हौसाबाई.

डॉक्टरांनी नाडी बघितली. "पुडी कधी बंद केली?"

"लग्नाची तिथी धरली तवा की, गेल्या आठवड्याला," हौसाबाई म्हणाली. "सासरी पुड्या कुनाला दावायच्या? म्हटलं, हितनंच मोडावी सवय."

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगिटलं हुतं वं. पर हिचं तोंड एवढं चांगलं झालंतं. म्हटलं, आता कशाला लागती पुडी."

बाळशावर भरवसा ठेवून तिने पुडी काढली. ते बाळसंच पुडीचं होतं, हे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि शिरावं तरी कसं? तिच्या आयुष्यात वाळलेलं पोर मरायचं आणि भरलेलं पोर जगायचं.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. पुडीत होतं तेच औषध, फक्त आता मोजून. मी सुरेखाचे पाय धरून बसले होते. पाय गार होते. हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि चरवी शोधू लागली. चरवी जीपमध्येच राहिली होती. मी माझ्या माठातला पेला भरून पुढे केला. तिने तो गटागट प्याला. दुसराही मागितला.

सुरेखाचं बोट दुपार कलल्यावर हललं. तेव्हा मी मागे वळून बघितलं. बाक रिकामा होता. आत्याबाई औषध न घेताच उतरून गेल्या होत्या.

चार दिवसांत साताऱ्याकडून निरोप आला. दम्याची पोरगी नको, आमच्या घरात असलं दुखणं नाही.

हौसाबाई माझ्याशी भांडायला आली. सुरेखा अजून आमच्याच खाटेवर होती. "तूच सांगिटलंस. तुज्याबिगर कुनाला ठावं हुतं?"

"मी काही सांगितलं नाही."

"मग त्यांला कळलं कसं?"

कसं कळलं ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. त्या घराच्या निरोपावर ज्या बाईचा अंगठा होता, तिचा तपकिरी पंप महिन्याला माझ्या हातून जात होता. दोन शब्द बोलले असते तर ते लग्न पुन्हा जुळलं असतं किंवा दोन्ही घरांची तोंडं सारखीच काळी झाली असती. मी गप्प बसले. मोठेपणा म्हणून नाही. एकीचं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाकावर कुणी बसलं नसतं, आणि खाली पुडीवाल्याने दुकान मांडलं असतं.

"आई, तिला कशाला बोलतीस," सुरेखा खाटेवरून म्हणाली. "मोडलं न्हवं? मग आता लपवायचं कुनापासनं? आक्का, द्या त्यो पंप."

हौसाबाई रडली. पंपाला नाही म्हणाली नाही.

सुरेखाच्या गोळ्या उतरवायला पुढचं वर्ष लागलं. त्यात दोनदा ती पुन्हा कोसळली, दोनदा डॉक्टर स्वतःवरच चिडले. तोंडावरची सूज हळूहळू उतरली. हनुवटी दिसायला लागली, मग गालाची हाडं. गावात लोक म्हणायचे, दवाखान्यात जाऊन पोरगी खंगली. पुडीवाल्याकडे असताना कशी होती. तो पुडीवाला, तुम्ही विचाराल म्हणून सांगते, कधीही पकडला गेला नाही. आता त्याचा मुलगा बसतो. पुडीचा कागद तेवढा गेलाय, पुडी प्लास्टिकची झालीय.

आत्याबाई मध्यंतरी आल्या नाहीत. मग एक दिवस जिन्यावर ओळखीची शिट्टी ऐकू आली, पहिल्यापेक्षा मोठी. वर पोचायला त्यांना चार ठिकाणी थांबावं लागलं. भाच्याचं लग्न दुसरीकडे झालं होतं. डॉक्टरांनी फुंकणी बघितली आणि बाहेर येऊन मला रागावले, "आक्का, ह्यांना अजून पंप ओढता येत नाही. शिकवता काय तुम्ही?"

आमच्या दवाखान्यात एक पद्धत होती. माझे हात कामात असले की ज्याला चांगलं जमतं त्याने नवख्याला शिकवायचं. पेशंटचं पेशंट लवकर ऐकतो. त्या दिवशी माझे हात कामात होते. म्हणजे मी बाटलीला भोक पाडत होते, आणि ते काम थांबवता आलं असतं. बाकावर सुरेखा आपल्या नंबरची वाट बघत बसली होती.

"सुरेखा, ह्यांना जरा दाखव," मी म्हटलं. नाव मी एवढं एकच घेतलं.

आत्याबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. पण बघायला त्याच गेल्या होत्या, पोहे खाऊन पोरगी उठवून, चालवून बघितली होती. पदराने काय होणार? सुरेखाने त्यांच्याकडे नीट बघितलं. घरात असलं दुखणं नसलेली बाई. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि खरं सांगायचं तर मी तार बाजूला ठेवून तयार बसले होते.

सुरेखाने बाटलीला पंप लावला. "आवं आत्याबाई, पदर काढा तोंडावरनं. पदरातनं औषध कसं आत जाईल?"

आत्याबाईंनी पदर आणखी घट्ट धरला.

"हितं समदी दम्याचीच बसल्याती. कोन कुनाला सांगतंय?"

पदर खाली आला. आत्याबाईंचं तोंड घामाने डबडबलं होतं. कुठे बघावं त्यांना कळेना, म्हणून त्या सुरेखाकडेच बघत राहिल्या. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, "वाळलीस गं पोरी. तवा कशी भरल्याली हुतीस."

"वाळली न्हाई," सुरेखा म्हणाली. "ह्येच माझं तोंड हाय. तुमी बघितलं त्ये पुडीचं हुतं. आता श्वास सोडा. सगळा सोडा. अजून हाय आत, सोडा. आता ओढा सावकाश. धरा."

श्वास दहापर्यंत धरायचा असतो. सुरेखा एक म्हणाली, थांबली, दोन म्हणाली, थांबली. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले तरी तिने घाई केली नाही. मी आकडे मोजायला शाळेत शिकले होते, इतके लांब दहा मी कधी ऐकले नव्हते. पण औषधाला वेळ जास्त मिळाला तर नुकसान काहीच नसतं, म्हणून मी काही बोलले नाही.